आमच्या गल्लीतली बातमी
माहा लहान भाऊ गिरिधर कॉलेजात फिजिक्स शिकवे, अन् घरी आला की कागदावर गणितं मांडत बसे. महाल भागातल्या आमच्या गल्लीत कोणालेच समजे नाही, हा करते काय. एकदा मीच डाफरली, "काहून गा, एवढं काय शोधून राहिला?"

"ताई, ज्या पदार्थात अणू वेडेवाकडे बसून राहते ना, तिथं इलेक्ट्रॉन पुढं सरकत नाही. जिथला तिथं अडकते. पण असे ढीगभर कण एकमेकांशी झोंबाझोंबी करू लागले, तर अडकूनच राहतील, का सगळीकडं पसरतील? हे अजून कोणालेच धड सांगता येत नाही."

"मंग तुले येईल?"

हसून त्यानं पुन्हा कागद पुढं ओढला. भोळाच होता बिचारा.

एक्क्याऐंशी साली त्याच्या बायकोले, प्रेमिलाले, पुन्हा दिवस गेले. आधी दोनदा पोट पडलं होतं, अन् दोन्ही वेळा अख्खी गल्ली समजूत घालाले घरात येऊन बसली. "होईल वं, धीर धर." दुःख परवडलं, पण ते सांत्वन नको! या वेळी प्रेमिलानं माहा हात धरला. "ताई, कोणाले कळू देऊ नका. पुन्हा तसंच झालं, तर मले एकटीले रडू द्या."

गिरिधर तिले म्हणे, "घाबरू नको. या गल्लीत कोणाचं कोणाशी पटते? कांताबाई अन् पार्वतीबाईचा तर मोरीच्या पाण्यावरून कधीचा अबोला. बातमी माह्या इलेक्ट्रॉनसारखी उंबऱ्यातच अडकून राहील."

प्रेमिला दाराबाहेर पडे नाही, अन् खरंच, महिने गेले तरी कोणी चकार शब्द काढला नाही. आमची गल्ली अन् चूप? मले नवलच वाटे. गिरिधर मात्र भल्ला खूश.

पोरगी झाली. गुटगुटीत, गिरिधरच्याच नाकाची. प्रेमिला तिले घेऊन दवाखान्यातून रिक्षानं आली, तर दारात कांताबाई उभी, हातात जुनं झबलं. तान्ह्या लेकराले पहिलं झबलं नवं घालत नाहीत. धडधाकट पोराचं वापरलेलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं घालतात. मागून पार्वतीबाई आली, तिच्याही हातात झबलं. मंग आणखी दोघी-तिघी. सगळी झबली आधीच धुऊन, उन्हात वाळवून ठेवलेली.

प्रेमिला पाहतच राहिली. "तुम्हाले कधी कळलं?"

"कधी म्हणजे?" पार्वतीबाई म्हणे. "ज्यानं जन्मात बादली उचलली नाही, तो मास्तर रोज सकाळी नळावर पाणी भरून राहिला. आम्ही काय आंधळ्या आहोत?"

गिरिधर कपाळाले हात लावून म्हणे, "म्हणजे बातमी पसरलीच होती, ताई!"

"मंग बोलल्या काहून नाही?" प्रेमिलानं विचारलं.

कांताबाई म्हणे, "मागच्या वेळी बोलून पाहिलं न वं. तू भिंतीकडं तोंड करून पडली होती. म्हटलं, या वेळी आधी लेकरू कुशीत येऊ द्यावं." मंग ती पार्वतीबाईकडं वळली. "तुहंच घाल पहिले. जास्त मऊ आहे."

एकटीले रडू द्या म्हणणारी प्रेमिला तिथंच कांताबाईच्या गळ्यात पडून रडली. अन् त्या दिवशी तिले कोणी गप्प बस म्हटलं नाही.