मोठी आई आणि विमलबाईंचे टायर

नांदुऱ्याच्या घरी मोठी आई सकाळचा पहिला चहा कधी बसून प्यायली नाही. कप हातात घेऊन ती कंपाउंडच्या भिंतीपाशी उभी राहायची आणि पलीकडच्या विमलबाईंच्या अंगणाची पाहणी करायची.

"पाह्य संगे, पुन्हा नवीन पायपुसनं. यांच्या घरी काय रोज वरात येते?"

"मोठी आई, तुला हेवा वाटतो," मी म्हणायचे.

"वाटते ना! हाव, वाटते. मनात दाबून ठेवाले माह्यं मन काय जवारीची कोठी हाय?"

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, शांताबाई. मोठ्या बाबांचं हायवेला लागून पंक्चरचं दुकान होतं. माझे आईवडील वडनेर भोलजीला शेती करायचे, आणि दहावीनंतर माझं शिक्षण थांबणार हे घरात ठरल्यासारखंच होतं. तेवढ्यात विमलबाईंच्या मुलीने सायन्सला प्रवेश घेतला. मोठी आई दुसऱ्या दिवशी बसने वडनेरला आली आणि चपला काढायच्या आधीच वडिलांना म्हणाली, "विमलची पोरगी बीएस्सी होईन अन् आपली काय कापूस वेचन? कपडे भर बे संगीचे." मी नांदुऱ्याला तिच्याकडे राहून शिकले, आणि आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. ती मोठ्या आईच्या हेव्यातून आली, हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही.

दुकानातले निकामी टायर घरामागे साचत जायचे. पावसाळ्यात त्यांत पाणी धरायचं, डास व्हायचे. थंडीत कोणी शेकोटीत जाळायला एखादा नेला की गल्लीभर काळा धूर पसरायचा. मोठी आई या ढिगाला 'ब्याद' म्हणायची. म्हणून विमलबाईंनी बागेसाठी टायर मागितले तेव्हा तिला कोण आनंद झाला. "ने बाई, सगळेच ने. माह्या मांगची ब्याद गेली!"

दोन-तीन महिन्यांत त्या बागेनं मोठ्या आईची झोप उडवली. विमलबाईंनी टायरांना पिवळा, निळा, गुलाबी रंग दिला. एकावर एक रचून त्यांत माती भरली. पालक आला, टमाटर लागले, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर नुसती उसळली. गल्लीतल्या बाया फोटो काढायला येऊ लागल्या.

"टायर माह्या घरचे अन् नाव तिचं," मोठी आई भिंतीपाशी म्हणायची. "मले त्या गुलाबी टायरकडं पाहवतच नाई. डोये दुखतात."

मी तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या सरांनी एकदा वर्गात सांगितलं की टायर म्हणजे फक्त रबर नसतं. त्यात जस्तासारखे धातू आणि इतर रसायनं असतात, आणि टायर जुना होऊन उन्हात तापत, झिजत गेला की ती थोडी थोडी मातीत उतरू शकतात. अपाय नक्की किती होईल हे कोणी ठामपणे सांगू शकत नाही. पण त्यात फुलं लावावीत, खायच्या भाज्या लावू नयेत. मी घरी येऊन हे सहज बोलले. मला वाटलं, मोठी आई उड्या मारेल. इतक्या दिवसांनी तिच्या हाती काहीतरी लागलं होतं.

ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "चिऊ खाते ना वं त्यातलं," ती म्हणाली.

चिऊ म्हणजे विमलबाईंची नात, त्यांच्या मुलाची मुलगी, नुकतीच चालायला लागलेली. दिवसभर त्या टायरांना धरून उभी राहायची, माती चिवडायची आणि त्याच हाताने टमाटर तोडून खायची. दोन्ही घरांची लाडकी.

"अन् टायर म्या देले," मोठी आई हळूच म्हणाली. तवा उतरवून ती तशीच पिठाच्या हातांनी पलीकडे गेली. मी मागे.

"विमल, त्या टायरातलं पोरीले खाऊ नको घालू. रबराचं कायबाय उतरते मंते मातीत. हे संगी शिकून आली."

विमलबाई हसू लागल्या. "शांते, सरळ सांग ना का पाहवत नाई म्हून."

"ते तं नाईच पाहवत! पण हे अलग हाय."

"काय अलग? पायपुसनं आनलं तं जळते, पडदे आनले तं जळते. आता पालकावर आली."

मी सरांचं नाव घेऊन समजावू लागले, तर विमलबाई प्रेमानेच म्हणाल्या, "तू तिचीच पोरगी ना वं. तिच्याकडूनच बोलशीन."

घरी आल्यावर मोठी आई पुन्हा भाकरी थापायला बसली. आयुष्यभर ती विमलबाईंबद्दल जे जे बोलली होती, त्यामुळे आजचं खरं बोलणं कोणी घेत नव्हतं. मी म्हटलं, गल्लीतल्या बायांना सांगू या. ती म्हणाली, "चार बायांत सांगतलं तं ते हट्टानं आनखी लावन. मी ओळखतो तिले. तिच्या जागी मी असती तं तेच केलं असतं."

मग तिने आमच्या अंगणात जुन्या विटांचा वाफा मांडला. जमिनीतली माती, शेणखत, त्यावर मेथी आणि सांबार. रोज विमलबाई बाहेर आल्या की वाफ्यापाशी बसून ती मोठ्याने बोलायची, "संगे, मातीतल्या भाजीचा वासच न्यारा! रबराचा वास नाई येत." मेथी आली तेव्हा गल्लीतल्या प्रत्येक घरी जुडी गेली. विमलबाईंच्या घरी सोडून.

भिंतीच्या पलीकडून आता दुसरं कोणीतरी आमच्याकडे बघू लागलं. पुढच्याच आठवड्यात विमलबाईंच्या दारात विटा आल्या. त्यांचा वाफा आमच्यापेक्षा मोठा झाला, मेथीही जास्त दाट आली. टायरांत सदाफुली आणि झेंडू गेले, पाणी साचू नये म्हणून बुडाशी भोकं पडली. तारा बाहेर आलेले टायर परत आमच्याकडे आले. मोठ्या आईने ते शेकोटीला कोणालाच दिले नाहीत. कारखान्यासाठी टायर गोळा करणारा भंगारवाला आला तेव्हा समोर उभं राहून त्याच्या गाडीत चढवले.

गोष्ट इथेच संपली असती. पण जवळच्या शाळेने महिलांच्या कार्यक्रमात विमलबाईंना बोलावलं, परसबागेवर बोलायला. आम्ही दोघी पाठीमागे बसलो होतो. विमलबाई माईकवर सांगत होत्या, "टायरात फुलं लावा, पण खायची भाजी लावू नका. रबराचं मातीत उतरते. मले हे आधीच कळलं, म्हून म्या भाजी काढली. घरात लहान लेकरू हाय ना!"

मी मोठ्या आईचा हात धरला. "उठ ना," मी कुजबुजले. "सांग, कोणी सांगितलं ते."

"चूप बस." तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "मी बोलली का उद्या पुन्हा पालक टायरात जाईन."

विमलबाईंना नारळ आणि शाल मिळाली. टाळ्या झाल्या. मोठ्या आईनेही वाजवल्या.

मोठी आई आता नाही. चिऊ शाळेत जाते, आणि विमलबाई आजही बायांना ती गोष्ट तशीच सांगतात. मी त्यांना दुरुस्त करत नाही. त्या दिवशी कार्यक्रमाहून घरी परतताना आम्ही दोघी रेल्वे फाटकापाशी आलो. फाटक बंद होतं. लांबलचक मालगाडी जाऊ लागली तेव्हा तिच्या आवाजात आवाज मिसळून मोठी आई एकदम म्हणाली, "साडीचा फॉल पाह्यला तिच्या? सगळा उसवला होता."