टाकी पाहिल्याशिवाय न हलणारी व्हॅन

"कुरुमले सासुरवाडी आहे त्याची. गाडी बरोबर तिथंच काहून बंद पडते, सांगा तुमीच," शेठ म्हणाले. शनिवारपर्यंत कारण सापडलं नाही तर ड्रायव्हर दादारावाची छुट्टी, हेही त्यांनी सांगून टाकलं.

शेठची साबणाची एजन्सी होती आणि त्यांच्या गाड्या अकोल्यात माझ्या गॅरेजला येत. डिलिव्हरी व्हॅन सकाळी निघायची, मूर्तिजापूरला टाकी फुल करायची आणि दुकानं घेत घेत अमरावती गाठायची. महिनाभर ती कुरुमजवळ हटकून बंद पडत होती. मी कार्बोरेटर खोलला, म्हणजे पेट्रोल नि हवा जिथे मिसळतात तो भाग. प्लग साफ केले. काडीचा दोष नाही. खरं सांगतो, संशय मलाही दादारावाचाच आला होता.

शेवटी मीच त्याच्या शेजारी जाऊन बसलो. मूर्तिजापूरपर्यंत गाडी मस्त. टाकी भरली, आणि कुरुमच्या अलीकडे इंजिन आचके देत बंद. दादाराव मुकाट्याने उतरला. टाकीचं बूच काढलं, आत काडी घालून पेट्रोल पाहिलं, बूच लावलं, हँडल मारलं. गाडी चालू! मी चाटच पडलो. आत्ताच भरलेल्या टाकीत हा पाहतो काय?

"पायल्यावरच चालू होते, मिस्त्री. न पायता हँडल मारलं त होत नाई. म्या करून पायलं."

लोक हसतील म्हणून हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

बडनेऱ्याच्या आधी गाडी पुन्हा थांबली; कधीमधी असं दुसऱ्यांदाही होतं, दादाराव म्हणाला. या वेळी बूच मी काढलं, कान लावून. सूं करून हवा आत गेली.

तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडखळतं, तसंच हे. पेट्रोल जाईल तेवढी हवा टाकीत यावी लागते. त्यासाठी कंपनीच्या बुचाला बारीक छिद्र असतं. भरलेल्या टाकीत हवा मुळात थोडी, म्हणून ती लवकर गुदमरते. आणि ते मूळचं बूच महिन्यापूर्वी पंपावर हरवलं होतं. हे दुसरं, पितळेचं, रबरी वॉशरचं, थेंब न गळणारं, मी स्वतः लेथवर केलं होतं. मोठ्या ऐटीत.

अमरावतीला त्याला सुईएवढं छिद्र पाडलं. परतीत गाडी कुठेच थांबली नाही.

शनिवारी शेठसमोर, दादाराव उभा असताना, चूक माझी म्हणून सांगितलं. शेठनी छुट्टीची गोष्ट मागे घेतली. दादाराव एवढंच म्हणाला, "गाडी बंद पडते म्हनलं त महिनाभर घरवालीनंई मले खोटंच समजलं, मिस्त्री."

मला फार लाज वाटली. तेव्हापासून ड्रायव्हर कितीही विचित्र सांगो, आधी ते पूर्ण ऐकतो. पाना नंतर उचलतो.