राबावरचं सोयाबीन

तुळसा शिवगण गरीब गाय मुळीच नव्हती, हे आधीच सांगते. हातखंब्याजवळ आमची शाळा, शाळेच्या कुंपणाला लागून तिचा वरकसाचा, म्हणजे हलक्या जमिनीचा, तुकडा. त्यामुळे मी शिकवत असताना वर्गात माझ्यापेक्षा तिचाच आवाज जास्त ऐकू यायचा. नवरा मुंबईत गोदीत. घरची सगळी जमीन धाकटा दीर महिपत बघायचा. उतारावरचा हा एवढा तुकडा तेवढा तुळसानं नाचणीसाठी आपल्याकडे ठेवला होता, तोही भांडून.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात शेतीखात्याचे एक तरुण सहायक तीन जातींचं सोयाबीन घेऊन आले. आमच्या पावसात, जांभ्याच्या मातीत कुठली जात तग धरते ते त्यांना बघायचं होतं. गावात कुणी जमीन देईना. तुळसा म्हणाली, "द्या हिकडं." महिपतच्या डोक्यात मात्र त्या तुकड्यात काजूची कलमं लावायचं होतं.

"वयनी, पीक उभा ऱ्हायला तर तुकडा तुजा," तो म्हणाला. "नायतर माजी कलमं."

सहायकांनी शेजारी शेजारी तीन वाफे आखले, बियाण्याच्या पिशव्यांना लाल, पांढरी आणि निळी दोरी बांधली आणि बजावलं, "तिन्ही जातींना सारखंच वागवा." एवढं सांगून गेले.

आता आमच्याकडे पेरणीआधी राब भाजतात. झाडांच्या फांद्या तोडून जमिनीवर पसरायच्या, त्याला कवळ म्हणतात. वर शेण, वाळक्या पानांचा पातेरा, माती घालून पेटवायचं. त्या भाजलेल्या जमिनीत रोप जोमानं येतं. बिनराबाचं पेरणं तुळसाच्या लेखी बिनआंघोळीचं देवळात शिरण्यासारखं. पण बहुतेक कवळ भाताच्या राबाला गेला होता. उरला तो जेमतेम एका वाफ्याला पुरला. तिनं तो लाल दोरीला दिला, का, तर दाणा टपोरा होता म्हणून!

ऑक्टोबरात लाल दोरीचं पीक कंबरेला लागलं, शेंगांनी नुसतं लगडलं. बाकीची दोन्ही गुडघ्याएवढी. सहायक नाचायचे बाकी राहिले. "हीच जात! पुढच्या वर्षी सगळ्या गावांना तुळसाबाईंचं बियाणं देऊ. शुक्रवारी मोठ्या साहेबांनाच आणतो." महिपतनं मान खाजवत तुकडा सोडला. तुळसानं ही बातमी एसटीच्या थांब्यावर कंडक्टरलासुद्धा सांगितली.

मी वनस्पतिशास्त्र शिकवायची. वर्ग घेऊन पीक दाखवायला गेले, तर लाल वाफ्याच्या खालच्या कोपऱ्यात सात-आठ रोपं खुजी.

"ही का गं अशी?"

"तितं कवळ पुरला नाय," ती म्हणाली, आणि तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मीही तिच्याकडे.

"म्हणजे उंची बियाण्याची, की राबाची?"

"बाई, तुमी शाळेत जावा."

गेले. वाफा तिचा, तोंड तिचं. मधल्या सुट्टीत तीच कुंपणावर आली.

"त्या खुज्यांना फुलां जांभळीच आलेली. शेंगेवरची लव पन तशीच तांबडी."

"ते बियाण्यातलं. कुठंही पेर, बदलायचं नाही. उंची आणि शेंगा यांच्यात बियाण्याचा वाटा असतो, तसा जमिनीचाही. किती कुणाचा, ते तुझ्या वाफ्यावरून कळणार नाही."

"आनि सायब ह्योच बी गावोगाव वाटनार. लोक पेरनार बिनराबाचा."

"हो. आणि शिव्या तुला."

"शिव्यांचा काय, मी उलट्या दोन देईन. पन त्यांचा पावसाळा फुकट जाईल तो कोन देनार?"

"बोललीस तर तुकडा जाईल."

"ता मला कळत नाय?" माझ्यावरच खेकसली.

मग कुंपणाच्या दोन बाजूंना उभं राहून आम्ही दोघींनी बराच खल केला. घंटा झालेली मला ऐकूही आली नाही.

शुक्रवारी मोठे साहेब आले. अर्धा गाव जमला. कॅमेरा निघाला तशी तुळसा वाफ्यासमोर आडवी आली.

"सायब, फोटू मागाहून काडा. ह्या वाफ्याला मी राब दिलेला. बाकीच्या दोगांना नाय."

सहायकांचा चेहरा पडला. "अहो, सारखं वागवा म्हणून सांगितलं होतं ना मी!"

"सांगितलात. पन राबाचा काय बोललात? राब तर आमी देतोच."

मोठे साहेब हसू दाबत खाली बघायला लागले. महिपत मात्र पुढे सरसावला. "म्हंजे पीक राबाचा, बियान्याचा नाय. मी कलमं आनतंय."

"आना, भावजी. दारात ठेवा, पानी मी घालीन. पन आनकी एक पावसाळा तुकडा मला द्या. तिन्ही वाफे मधोमध तोडनार. अर्ध्याला राब, अर्ध्याला नाय. मग कोन कसा उभा ऱ्हातो ता समद्यांनी बगा."

महिपत म्हणाला, "हातात आलेला तुकडा घालवून बोलतेस, म्हंजे खराच बोलत असशील. एक पावसाळा. आनकी नाय."

मला तिचा अभिमान वाटतो तो या शुक्रवारचा. पीक काय, पुढच्या वर्षी आलंच.

आणि कसं आलं! पंच्याऐंशीच्या पावसात लाल दोरी राबावर माजली आणि आडवी झाली. बिनराबाची गुडघ्याच्या वर गेलीच नाही. पांढरीचंही तेच रडगाणं. निळ्या दोरीचा दाणा बारीक, तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. ती राबावर वीतभर जास्त उंच झाली एवढंच. बिनराबाच्या भागातही ताठ उभी, आणि शेंगा जवळपास तेवढ्याच. वाळल्यावर तडकून दाणाही सांडला नाही.

झोडणी महिपतनं स्वतः केली, कुणावर विश्वास नको म्हणून. निळ्या दोरीच्या दोन्ही अर्ध्यांचे ढीग वेगळे घातले आणि दोन्हींत हात घालून बघितलं. बी मागायला आलेली माणसं खळ्याच्या कडेला रांगेत उभीच होती, सगळ्यात शेवटी गावातला रावजी.

"वयनी," तो म्हणाला, "निळ्या दोरीचा बी मला पन ठेव. वरच्या अंगाला राब पोचत नाय, तितं पेरतंय."

"आनि कलमं?"

"कलमं बांधाला लावीन. तुकडा ऱ्हाऊ दे तुला."

"ठेवतंय बी. पन आदी मागितलान त्याला आदी. तुमी रावजीच्या मागं."

महिपत पुटपुटला काहीतरी, आणि जाऊन रावजीच्या मागे उभा राहिला.