हिरवी साडी आणि ओटीतला नारळ

मुलाकडच्यांपुढे बसण्यात माझी एक अख्खी साडी विरली. हिरवी, बुट्ट्यांची, आईने खास त्याच कामासाठी घेतलेली. डोंबिवलीच्या घरी मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर यायचे, त्याआधी आईची सूचना ठरलेली: मान खाली ठेव, हसू नकोस, दात दिसतात. ती स्वतःही चारचौघांत तोंडावर पदर धरूनच हसायची. दात माझे मोठे आहेत हे खरं, पण माणसाने ते लपवायचे तरी किती वर्षं? शेवटी मी दिवा स्टेशनजवळ भाड्याची खोली घेऊन एकटी राहायला लागले आणि ते कार्यक्रम बंद पडले. आईचं बोलणंही कमी झालं.

मागच्या वर्षी ठाण्याला नौपाड्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये मी परफॉर्मन्स करायचं ठरवलं. तीच साडी नेसून खुर्चीवर बसायचं. शेजारच्या टेबलावर फणी, पावडर, काजळ, गजरे. ज्याला जसं वाटेल तसं त्याने मला सुंदर करावं. मी हलायचं नाही, बोलायचं नाही, फक्त समोर बघायचं. आईला हे मी फोनवर तीन-तीनदा समजावलं. ती येणार नाही अशी माझी खात्रीच होती आणि त्याचं मला वाईट वाटत होतं.

ती आली, आणि सोसायटीतल्या बायकांनाही घेऊन आली. त्यांना तिने एवढंच सांगितलेलं, की लेकीचा कार्यक्रम आहे, ती खुर्चीत बसणार आणि सगळ्यांनी मिळून तिला सजवायचं. बायकांनी काय ते ओळखलं. एकीने गजरा माळला, दुसरीने पावडर थापली आणि शेजारच्या काकूंनी पिशवीतून खण-नारळ काढून चक्क माझी ओटी भरली. वर कानाशी वाकून विचारलं, "कितवा महिना गं?"

माझं लग्न झाल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. पण दिव्याला एकटी राहणाऱ्या मुलीने परस्पर रजिस्टर लग्न उरकलं असेल, असं समजण्याइतक्या त्या उदार होत्या. न बोलण्याचा नियम माझाच, त्यामुळे तोंड उघडता येईना. मांडीवर नारळ घेऊन मी आईकडे बघत राहिले. उद्यापासून जिन्यात, भाजीवाल्याकडे, सगळीकडे तिलाच उत्तरं द्यावी लागणार होती.

आई पुढे आली.

"डोहाळजेवण नाहीये हे," ती म्हणाली. "लग्नही झालेलं नाही तिचं. इतकी वर्षं मी तिला लोकांपुढे बसवलं. आज ती आपल्या मर्जीने बसलीये."

काकू ओशाळून नारळ उचलायला वाकल्या. आईने त्यांचा हात धरला. भरलेली ओटी परत घेत नाहीत, म्हणाली. मग माझ्याकडे वळली.

"सरक जरा."

एकटीच्या खुर्चीत आम्ही दोघी कशाबशा मावलो. काय करावं ते न सुचून काकूंनी उरलेला गजरा आईच्या अंबाड्यात खोवला. आईने मान वर केली, एकेकीकडे नीट बघितलं आणि हसली. पदर खांद्यावरच राहिला. माझे दात कुणावर गेलेत, ते त्या दिवशी सगळ्या सोसायटीला कळलं.