बासष्टावी नोंद

आधीच सांगतो, लोकांच्या विचित्र अनुभवांचं हे सदर मी आजवर फक्त खोड्या काढायला वाचत आलोय. कोणाच्या घरात पावलं वाजतात, कोणाला घाटात बाई दिसते... मी खाली लिहायचो, "पाण्याचा पाइप तपासा. नाहीतर डोळे तपासा." चाळीस वर्षं मी गिअरबॉक्स डिझाइन केलेत, आधी पुण्यात आणि मग इथे ओहायोत. यंत्र बिघडतं त्याला कारण असतं, आणि कारण सापडत नसेल तर तुम्ही नीट शोधलेलं नसतं. एवढाच माझा धर्म. तर हसायचं ते आत्ताच हसून घ्या, कारण आज लिहिणारा मीच आहे.

रिटायर झाल्यावर मला घरी बसवेना, आणि सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, मी घरी बसलेला बघवेना. म्हणून एका छोट्या कंपनीचं काम घेतलं. नाव सांगत नाही. लष्कराचं एक टिल्टरोटर विमान आहे - हेलिकॉप्टरसारखं जागच्या जागी वर उठतं, मग पंखांच्या टोकांवरचे रोटर पुढे वळवतं आणि विमानासारखं उडतं. त्याच्या अपघातांचे, आणि त्याहून जास्त म्हणजे 'थोडक्यात वाचलो' छापाच्या प्रसंगांचे रिपोर्ट आमच्याकडे यायचे. माणसांची नावं खोडलेली. ते वाचून तक्त्यात भरायचे. काय बिघडलं, कसं कळलं, कोण काय म्हणालं, इजा किती जणांना.

यात एक पद्धत होती. प्रत्येक रिपोर्ट दोन माणसं भरणार, एकमेकांना न विचारता. दुसरी होती कॅरल, तिकडे ॲरिझोनात चँडलरला राहणारी. तिला मी कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. महिन्याच्या शेवटी दोघांचे तक्ते शेजारी ठेवायचे आणि जिथे जुळत नाहीत तिथे फोनवर भांडायचं. आणि भांडायचो आम्ही मस्त! मी 'गंज' लिहिलं की बाई 'झीज' लिहिणार. शब्दाला शब्द कधी जुळला नाही.

गेल्या वर्षीचा मार्च. मंगळवार, सकाळचे साडेनऊ, चांगलं लख्ख ऊन. त्या गठ्ठ्यात एकसष्ट रिपोर्ट होते. माझ्या तक्त्यात बासष्ट नोंदी निघाल्या.

म्हटलं, झालं, म्हातारचळ लागला. एक रिपोर्ट दोनदा भरला असणार. तेवढ्यात कॅरलचा फोन. तिच्याकडेही बासष्ट.

बासष्टावी नोंद आम्ही एकमेकांना वाचून दाखवली. डाव्या रोटरच्या गिअरबॉक्समध्ये धातूचे कण असल्याचा इशारा. (तेलात एक लोहचुंबक असतं. झिजलेल्या दातांचा चुरा त्याला चिकटला की पायलटसमोर दिवा लागतो. चुरा बारीक असेल तर यंत्र तो जाळून टाकतं आणि दिवा विझतो.) दिवा दोनदा लागला, दोनदा विझला. मग शेवटचं वाक्य - 'करपलेल्या मोहरीसारखा वास येत असल्याचे क्रू चीफने सांगितले.' क्रू चीफ म्हणजे मागे बसून विमानाच्या तब्येतीवर लक्ष ठेवणारा माणूस.

दोघांची नोंद शब्दाला शब्द सारखी. स्वल्पविरामासकट. तारखेचा रकाना रिकामा. आणि इजेचा रकानासुद्धा रिकामा... तो रिकामा ठेवला तर सॉफ्टवेअर नोंद सेव्हच करू देत नाही, हे आम्हाला दोघांनाही पक्कं माहीत होतं.

कॅरलनं शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, "मी आयुष्यात मोहरी जाळलेली नाही. तिचा वास कसा असतो हेच मला माहीत नाही."

मला माहीत होता. तुम्हालाही माहीत आहे. तेल जास्त तापलं, फोडणी करपली की सगळ्या घराला जो ठसका लागतो, तो. अमेरिकन पोरगा 'जळका वास' म्हणेल, 'रबर' म्हणेल, 'टोस्ट' म्हणेल. मोहरी म्हणायला आपल्याच घरात वाढलेलं पोर लागतं. आणि आपली पोरं कुठे जातात तिकडे? आपली जातात मेडिकलला!

ते वाक्य मी पॅडवर उतरवून घेतलं आणि मॅनेजरला कळवलं. तो म्हणाला सॉफ्टवेअरची गडबड आहे, आणि दोन्ही नोंदी उडवून मोकळा झाला. मीही तेच समजलो असतो. पण अकराला चहा घेताना हसत हसत सुनंदाला सांगितलं, आणि तिच्या हातातला कप तसाच राहिला.

"वैशालीचा निखिल," ती म्हणाली.

वैशाली आमच्यापासून दोन रस्ते सोडून राहते. तिचा मुलगा बावीस वर्षांचा. आमच्या मराठी मंडळात सगळ्यांना माहीत होतं की निखिल दुसऱ्या राज्यात गव्हर्न्मेंटच्या कुठल्याशा प्रोजेक्टवर आहे. कुठला प्रोजेक्ट, कुठलं कॉलेज, विचारलं की वैशाली लगेच जिलबी वाढायला उठायची. त्या दिवशी कळलं, पोरगा कॉलेज सोडून फौजेत भरती झाला होता. साधा शिपाई म्हणून. लोक काय म्हणतील म्हणून आईबापांनी तीन वर्षं झाकून ठेवलं, फक्त सुनंदाला तेवढं, कोणाला सांगणार नाहीस अशी शपथ घालून सांगितलं.

"कशावर आहे तो?" मी विचारलं.

"ते तुझं वाकडं विमान. मागे बसतो म्हणे."

मी घरातल्या चपलांवरच वैशालीकडे गेलो. तिनं दार उघडलं. मी आत न जाताच म्हटलं, "निखिलला फोन लाव. आत्ता."

तिचा चेहरा उतरला. आधी गुपित फुटलं म्हणून, मग माझ्याकडे नीट बघून. "काय झालं त्याला?"

"काही झालेलं नाही. लाव फोन."

उचलेना. पुन्हा लावला, नाही. मेसेज केला. चार मिनिटांनी त्याचा फोन आला. मागे इंजिनांचा आवाज.

"आई, आय हॅव टू गो, फ्लाइट आहे."

मी फोन हिसकावलाच. काय सांगणार होतो, देव जाणे. बासष्टावी नोंद सांगितली. दिवा, दोनदा लागणं, विझणं, मोहरीचं वाक्य, सगळं एका दमात.

तो हसला. "काका, इट डझन्ट वर्क लाइक दॅट. दिवा विझला की वी कंटिन्यू. पायलट डिसाइड करतो, मी नाही."

"तू सांगू तर शकतोस ना!"

"काय सांगू? ओहायोच्या काकांना स्वप्न पडलं?"

"स्वप्न नाही रे गाढवा, नोंद आहे!" मी ओरडलो. फोन कट झाला.

नंतरचे चार तास मी शत्रूलाही देणार नाही. वैशाली ओट्याशी उभी राहून कोथिंबीर निवडत होती, आणि निवडलेली परत निवडत होती. मधेच माझ्यावर उसळली, "तुम्ही त्याला का घाबरवलंत? तो घाबरून काही चुकला तर? कोणाच्या जिवावर सांगितलंत?" आयुष्यभर लोकांना पुरावा मागणारा माणूस मी, आणि एका पोराला विमानात बसायच्या आधी भुताची गोष्ट सांगून आलो होतो. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. आणि तरीही, परत वेळ आली असती तर परत सांगितलं असतं.

साडेतीनला मेसेज आला. 'लँडेड इन सम गाय्ज फील्ड. एव्हरीवन ओके.'

वैशाली खाली फरशीवरच बसली आणि मोठ्यानं रडली. मीही रडलो, लपवत नाही.

ऑगस्टमध्ये खरा रिपोर्ट आला. आमच्याच गठ्ठ्यात, नाव खोडलेला. दिवा दोनदा लागला, दोनदा विझला. पायलट पुढे जाणार होते, पण क्रू चीफनं जळका वास येतोय म्हणून जोर धरला, तेव्हा शेतात उतरवलं. गिअरबॉक्स उघडला तर एका गिअरचे दात फुटलेले. अजून थोडा वेळ हवेत राहिले असते तर आतल्या चौघांपैकी कोणी वाचलं नसतं. हे मी गिअरबॉक्सवाला म्हणून सांगतो, सदराचा वाचक म्हणून नाही. आणि खाली ते वाक्य. मी पॅड काढून अक्षर अन् अक्षर ताडून पाहिलं. तेच. कॅरलला फोन केला, तर ती नुसतीच "हो" म्हणाली. त्या दिवशी आम्ही भांडलो नाही.

इथवर तुम्ही म्हणाल, पुढचं आधी दिसलं, असे अनुभव लोकांना येतात. मीही तसंच म्हणून मनाची समजूत घातली होती. पण डिसेंबरमध्ये निखिल सुट्टीवर आला. वैशालीनं आम्हाला जेवायला बोलावलं. जेवता जेवता मी सहज म्हटलं, "बरं झालं बाबा, तुझं नाक तिखट."

तो घास हातात धरून थांबला. आई आत गेल्याची खात्री केली.

"काका, मला वास आलाच नव्हता."

"म्हणजे?"

"आय हॅड अ टेरिबल कोल्ड. नाक पूर्ण बंद. दिवा दुसऱ्यांदा विझला, ते म्हणाले वी आर गुड. आणि मला काय झालं माहीत नाही... तुम्ही फोनवर सांगितलेलं सेंटेन्स मी जसंच्या तसं बोलून टाकलं. बर्न्ट मस्टर्ड सीड्स. आय लाइड, काका. नंतर लेखी पण तेच दिलं."

आता बघा. वाक्य निखिलनं माझ्याकडून घेतलं. मी नोंदीतून घेतलं. नोंद त्याच्या जबानीची. आणि जबानी खोटी! मोहरी करपली कुठे? पहिल्यांदा हे बोललं कोण? आठ महिने मी त्या कोड्याभोवती फिरतोय. सगळं कागदावर मांडून पाहिलं, सुरुवातीचं टोकच सापडत नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, खोटं आहे हे माहीत असलेली नोंद मी तक्त्यात तशीच ठेवली आहे. निखिल आता फौजेतून बाहेर पडलाय आणि हे त्याला विचारूनच लिहितोय. तुमच्यापैकी कोणाला कारण सापडलं तर जरूर कळवा. पाइप तपासा म्हणालात तरी चालेल, मी रागावणार नाही.

त्या दिवशी मी त्याला अजून बरंच विचारणार होतो. पण वैशाली आतून गरम पोळी घेऊन आली आणि न विचारताच तिनं ती त्याच्या पानात टाकली. तो म्हणाला, "आई, बास." ती म्हणाली, "गप खा." मग मी काही विचारलं नाही.