कॅलेंडरच्या कव्हराचं पुस्तक

माझी बायको एका मंगळवारी सकाळी लातूरच्या घरात वारली. तेराव्यानंतर पाहुणे गेले, तेव्हा ती वाचत होती ते पुस्तक घरात नव्हतं.

पुस्तक म्हणजे एक जुनं प्रवासवर्णन. नांदेडच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात आम्ही दोघांनी मिळून घेतलेलं. तिच्या बहिणीकडे गेलो की दुपारी तिथे जायचोच. आत शिरलो की आमच्या वाटा वेगळ्या होत. मी पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचत कपाटांच्या कडेने सरकायचो. ती पुस्तक मधूनच उघडायची, उभ्याने एक पान वाचायची, परत जागेवर ठेवायची आणि दुकानभर फिरून यायची. तोवर ते पान डोक्यात राहिलं असेल तरच पुस्तक घ्यायचं. "पहिलं पान सगळेच नटवून लिहितात," ती म्हणायची. परतीच्या बसमध्ये आधी कुणी वाचायचं यावरून भांडण. घरी आली की ती सरलेल्या महिन्याच्या कॅलेंडरचं पान काढून कव्हर घालायची. त्या पानावर दुधाचे खाडे मांडलेले असत.

पुस्तक सापडेना तेव्हा मी आधी शेजारणीवर संशय घेतला. मग इंजेक्शन द्यायला येणाऱ्या नर्सवर. शेवटी धाकट्या भावावर येऊन थांबलो. पाहुण्यांना जागा व्हावी म्हणून त्या दिवसांत रद्दीचं पोतं त्यानेच बाहेर नेलं होतं. मी त्याला विचारलं नाही, बोलणं तेवढं कमी केलं. तो चाकूरहून फोन करी, मी "बरं आहे" म्हणून ठेवून देई. वर्षश्राद्धाला त्याने शेतातली भाजी आणली, तेव्हाही वाटलं, मन खातंय म्हणून आणली असणार.

गेल्या महिन्यात नांदेडला गेलो होतो. दुकानात जायचं नाही असं ठरवलं होतं, तरी गेलो. थोड्या वेळात दोन पुस्तकं काखेत आली, तिसरं हातात होतं. मला आनंद होत होता, आणि त्या आनंदाचाही मला संशय आला. तेवढ्यात खालच्या फळीवर कॅलेंडरचं कव्हर दिसलं. ऑगस्ट. अकरा तारखेवर तिची फुली. आत, शेवटाकडे, खुणेला एक लाल दोरा.

"हे कुणी आणलं?" मी दुकानदाराला विचारलं.

"सर, पोत्यात येतंय समदं. कुणाचं म्हणून सांगू?"

हाही काहीतरी लपवतोय, असं मला वाटलं.

परतताना चाकूरला उतरलो. भाऊ ओसरीवर शेंगा फोडत बसला होता. पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं.

"रद्दीत दिलंस ना?"

त्याने ते उलटसुलट करून पाहिलं. "दादा, म्हणून वरीसभर तोंड फिरवून बसलाव व्हय? मला वाटलं, तेराव्याच्या भाजीत मीठ कमी पडलं. वहिनीचं पुस्तक इकून मी काय माडी बांधणार हाय?"

त्याची बायको दारात आली. तिने पुस्तक घेतलं, दोऱ्याला बोट लावलं. "ह्यो गोधडीचा दोरा हाय. आक्का उसवलेला टाका काढून खूण ठेवायच्या. पुस्तक गोधडीच्या घडीतच असायचं की. गाठोडं तुमीच बांधलाव, दादा. मी हात लावाया आले तर 'कुणी शिवू नका' म्हणलाव."

आमच्याकडे गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. दहाव्याला तिची उशी, चादर, गोधडी मीच गोळा केली होती, काही न उलगडता. जुने कपडे मागत दारावर आलेल्या बाईला ते गाठोडं मीच दिलं होतं.

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तुमी मुद्दाम ठेवलं वाटलं. आक्कासंगं."

मी भावाला म्हणालो, "चुकलं माझं." तो "असू द्या" म्हणाला, पण शेंगांवरून नजर उचलली नाही.

पुस्तक आता घरी आहे. दोऱ्यापुढची तेवीस पानं मी वाचलेली नाहीत. भाऊ माझा फोन उचलतो. स्वतःहून करत नाही.