आकड्यांच्या पत्त्यावर दुकान

यजमान गेल्यावर मी रोज दुपारी त्यांचं संकेतस्थळ उघडून बसायची. ते भूगोलाचे शिक्षक होते. निवृत्तीनंतर जालना जिल्ह्यातल्या बारवांचे फोटो काढून त्यांनी तिथे लावले होते, प्रत्येक बारवेखाली चार ओळी. त्याची दुसरी प्रत घरात नव्हती. संकेतस्थळाला नाव त्यांचंच होतं. मी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही, म्हणून माझ्या फोनवर त्यांनी सर्व्हरचा नुसता आकड्यांचा पत्ता ठेवून दिला. "तुझी अडचण नको," म्हणाले, आणि बराच वेळ हसत राहिले.

एका दुपारी त्याच आकड्यांवर परतूरच्या बियाण्याच्या दुकानाचं पान उघडलं. कपाशीची पाकिटं. बंद करून पुन्हा उघडलं, तरी दुकानच.

सर्व्हर पुतण्याच्या हातात होता. तेराव्यालाही तो कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसला होता, ते आठवलं. तेव्हा वाटलं होतं, कामाचा माणूस आहे. आता वाटलं, काकांची जागा यानं दुकानदाराला दिली. त्याला जेवायला बोलावलं आणि भाकरी वाढताना विचारलं, "बारवा बुजवल्यास का रे?"

त्यानं माझा फोन पाहिला. "बारवा जागेवरच हायेत, काकू. तुम्ही आकडे टाकून राह्यल्या. आधी त्या सर्व्हरवर काका एकटेच होते. आता दुकानबी तिथंच ठेवलं मी."

"मला न विचारता."

"न्हाई विचारलं." त्यानं ताट बाजूला सारलं. "पण काकांचं काही हललं न्हाई. पत्ता एक, घरं दोन. म्हणून पान मागताना ब्राउझर 'होस्ट' नावाची एक ओळ पाठवतो, कोणाकडं आलो ते सांगायला. नियमच हाये. ती ओळ नसली तर सर्व्हर मागणी परतवून लावतो. तुमच्या ओळीत नुसते आकडे. तसं नाव तिथं कोणाचंच न्हाई, मंग जे पहिलं घर, ते दार उघडतं."

"आणि पहिलं घर दुकानाचं?"

"ते आपोआप लागलं, यादी नावाच्या अक्षरावरून लागती."

मला पटलं नाही.

"काकांचं नाव टाका, मंग बोला."

"तूच टाक."

"मी टाकलं तर म्हणाल, यानंच काहीतरी केलं."

हे मात्र बरोबर होतं. एकेक अक्षर शोधत मी त्यांचं नाव लिहिलं. तो तेवढा वेळ भिंतीकडे बघत बसला. अंबडची बारव उघडली, पायऱ्यांवर उन्हाची पट्टी, खाली त्यांच्या चार ओळी. एखादी बारव कमी आहे का, हे मी शेवटपर्यंत बघत गेले. सगळ्या होत्या.

"हे सगळं मला पेनड्राइव्हवर उतरवून दे. आत्ता, माझ्यासमोर."

"भाकरी तरी खाऊ द्या, काकू."

"खा ना. तुझ्या पिशवीतला लॅपटॉप मी आणते."